कोण जागें आहे?

पितृपंधरवडा सरला कीं घरोघर एकदम हालचाल सुरू होते. घट बसतात, पाटीवर सरस्वती काढली जाते, दसऱ्याचें सोनें लुटलें जातें, कोजागिरीचें दूध आटतें आणि पाहतां पाहतां वसुबारसेचा दिवा दारांत येतो. याच सुमारास शाळांची सत्रपरीक्षा आटोपून मुलें मोकळीं होतात. एरवीं सातच्या आंत घरीं परतणारीं मुलें या दिवसांत रात्रीं उशिरापर्यंत बाहेर असतात. ओळखीच्या माणसांइतकींच अनोळखी माणसेंही त्यांच्या भोंवतीं वावरत असतात. आनंदाची ही पर्वणी वडील माणसांच्या राखणीचीही कसोटी होय. म्हणून या खेपेस मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लिहावें असें योजिलें आहे.

आईबापांना आपण सर्रास 'पालक' म्हणतों. शाळेच्या पत्रकांवर हा शब्द त्याच अर्थानें छापलेला असतो. परंतु त्याचा मूळ धातु 'पाल्' असून त्याचा अर्थ रक्षण करणें असा आहे. जन्म देणें असा नव्हे. तेव्हां मुलाचे काका, आत्या, समोरच्या घरांतील आजी, शाळेचा शिपाई आणि मुलांना पोंचविणारा रिक्षावाला हे सारेच शब्दार्थानें पालक ठरतात. वाड्यांच्या काळीं ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे. ओसरीवर बसलेल्या वृद्धाची नजर दहा घरांच्या मुलांवर असे. त्या काळीं सर्व कांहीं ठीक होतें, असें मात्र मुळींच नव्हे. आडांत पडणारीं आणि दारूकामानें भाजणारीं मुलें तेव्हांही होतीं, आणि कित्येक वाईट गोष्टी तर घराच्या अब्रूच्या नांवाखालीं तेथेंच गाडल्या जात. परंतु ती ओसरीवरची नजर मोलाची होती. वाडे गेले, सदनिका आल्या, आणि दार लागलें कीं शेजार संपूं लागला. त्या नजरेची जागा आतां आपण कशानें भरून काढणार, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम शाळेची वाट घेऊं. महाराष्ट्रांत शालेय बसगाड्यांकरितां २०११ सालापासून स्वतंत्र नियम आहेत आणि प्रत्येक शाळेंत परिवहन समिती असावी, असें त्यांत सांगितलें आहे. आपल्या मुलाच्या शाळेंत ही समिती कधीं भरते आणि तींत पालकांपैकीं कोण आहे, हें किती घरांना ठाऊक असतें? दुचाकीचेंही तसेंच. ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलास दुचाकीवर नेतांना त्याला शिरस्त्राण आणि चालकाशीं बांधून ठेवणारा पट्टा असावा व वेग ताशीं ४० किलोमीटरांहून अधिक नसावा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला आहे. चार वर्षांवरील मुलास शिरस्त्राण तर कायद्यानें लागतेंच. तथापि पुढें बाबा शिरस्त्राण घालून बसले आहेत, मागें आई आणि मध्यें उघड्या डोक्याचें मूल आहे, हें दृश्य दररोज सकाळीं शाळेच्या फाटकाशीं दिसतें. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं गाडीची किल्ली देऊन त्याचें कौतुक करणारे गृहस्थही आहेत. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, २०१९ च्या सुधारणेनुसार अज्ञान मुलानें वाहन चालवून अपराध केल्यास पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

आतां सणांकडे वळूं. सुटी लागली कीं मुलें किल्ला करावयास घेतात. आमच्या मतें दिवाळींतील याहून चांगला खेळ नाहीं. त्यांत इतिहास आहे, हस्तकौशल्य आहे आणि आळींतील मुलांचा एकोपाही आहे. परंतु किल्ल्यासाठीं जे दगड उचलावयाचे, त्यांच्याखालीं विंचू असूं शकतो. लाल विंचवाच्या दंशानें लहान मुलाच्या हृदयावर परिणाम होऊन पूर्वीं कोंकणांत कित्येक बालकें दगावत. महाडच्या परिसरांत काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं या दंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळें मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच घटलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र औषध असूनही मूल वेळेवर पोंचलें नाहीं तर त्याचा काय उपयोग? म्हणून दगड हातानें न उचलतां प्रथम काठीनें उलथावा, पायांत बूट असावेत, आणि दंश झाल्यास मंत्रतंत्रांत घटकाभरही न दवडतां रुग्णालय गांठावें.

फटाक्यांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं वाचक कंटाळले असतील. तरी फुलबाजीबद्दल सांगणें अवश्य आहे, कारण तीच सर्वांत निरुपद्रवी समजून आपण तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं देतों. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें. जळत्या फुलबाजीचें टोंक सुमारें १००० अंशांपर्यंत तापतें, आणि ती विझल्यावरही तार बराच वेळ धगधगीत असते. अनवाणी पाऊल पडतें तें याच तारेवर. जवळ पाण्याची बादली ठेवून विझलेली प्रत्येक तार तींत टाकण्याची शिस्त घरांत लावावी. मोठ्या मुलांवर याहून अधिक लक्ष हवें. २०२५ च्या दिवाळींत मध्य प्रदेशांत, विशेषतः भोपाळ येथें, नळीच्या घरगुती बंदुकींमुळें अनेक मुलांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली. नळींत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलें कीं ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायु उत्पन्न होतो. बार निघाला नाहीं म्हणून मूल नळींत डोकावतें आणि नेमका त्याच क्षणीं भडका उडतो. असलें खेळणें शेजारच्या मुलाच्या हातीं दिसलें, तर 'आपलें काय जातें' म्हणून पुढें जाऊं नये.

इतकें करूनही भाजलेंच, तर भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखालीं २० मिनिटें धरावा. हातांतील कडें, अंगठी काढून घ्यावी. तूप, शाई, हळद, दंतमंजन यांपैकीं कांहींही लावूं नये आणि फोड फोडूं नये. स्वच्छ कापड सैलसर घालून वैद्याकडे न्यावें. डोळ्याला इजा झाली असेल तर डोळा चोळूं देऊं नये आणि थेट नेत्रवैद्याकडे जावें. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक घरांतील लहानथोरांस पाठ असावा.

गर्दीविषयींही दोन शब्द. हरियाणांतील डबवाली येथें २३ डिसेंबर १९९५ रोजीं एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपास आग लागली आणि चारशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत मुलांची संख्या फार मोठी होती. मंडप कापडी, आंत माणसें दाटलेलीं आणि बाहेर पडण्याची वाट अपुरी, असा तो प्रकार होता. आपल्याकडे नवरात्रांत मंडप तसेच उभे राहतात. मंडळाच्या कार्यकर्त्यांस वर्गणी देतांना 'दुसरें दार कोठें आहे आणि तें उघडें आहे ना?' असा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो आपण बजावला पाहिजे.

आतां जो विषय सुशिक्षित घरांत सहसा काढला जात नाहीं, त्याकडे येतों. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें, तेव्हां सारा महाराष्ट्र हादरला. मुंबई उच्च न्यायालयानें त्याची स्वतःहून दखल घेतली. वास्तविक प्रत्येक शाळेंत 'सखी सावित्री समिती' असावी, असा शासननिर्णय मार्च २०२२ मध्येंच झाला होता. कागद होता, कागदामागें जागें माणूस हवें होतें. आपण मुलांना शिकवितों कीं अनोळखी माणसापासून दूर राहा. तें योग्यच आहे, परंतु अपुरें आहे. कारण मुलांस पोंचणारा उपद्रव पुष्कळदां ओळखीच्या, विश्वासांतल्या, क्वचित् नात्यांतल्याच माणसाकडून होतो. सणांत घर पाहुण्यांनीं भरलेलें असतें, स्वयंपाकघरांत सासवा-सुना कामांत गढलेल्या असतात आणि कोणाच्या मांडीवर कोण बसलें आहे याकडे कोणाचेंच लक्ष नसतें. एखाद्या काकांजवळ किंवा मामांजवळ जाण्यास मूल नाखूष असेल, तर 'वडील माणसांना असें करतात का?' म्हणून त्याला पुढें ढकलूं नये. नमस्कार दुरूनही होतो. मुलगी असो वा मुलगा, त्यानें कांहीं सांगितलें तर प्रथम तें ऐकून घ्यावें, त्यावर विश्वास ठेवावा, आणि 'यांत तुझा दोष नाहीं' हें स्पष्ट शब्दांत त्याला सांगावें.

येथेंच घराच्या अब्रूचा प्रश्न उपस्थित होतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणें असा प्रकार ज्याला कळेल त्यानें पोलिसांस कळविणें हें कर्तव्य आहे, आणि मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास त्याच कायद्यानें मनाई आहे. १०९८ या क्रमांकावरही साहाय्य मागतां येतें. जें घर मुलाला गप्प बसवून अब्रू राखतें, तें कोणाची अब्रू राखतें? अपराध्याची. अनेक वर्षे वर्गांत उभें राहून एक गोष्ट माझ्या निदर्शनास आली आहे: मूल एकदांच सांगतें. पहिल्या वेळीं त्याला दटावलें, तर पुन्हां तें तोंड उघडत नाहीं. आणि दटावणारा आपल्या मनाची समजूत घालून घेतो कीं तसें कांहीं नव्हतेंच.

कोणी म्हणतील कीं, इतकीं भयें सांगितल्यावर मुलांनीं घरांतच बसावें काय? नाहीं. दार लावून मुलें सुरक्षित होत नाहींत. तीं केवळ एकाकी होतात. भोंडला व्हावा, खिरापत ओळखतांना दंगा व्हावा, किल्ल्यावर मावळे चढावेत. यासाठींच आळीनें थोडी व्यवस्था करावी. कोजागिरीला सर्व घरें गच्चीवर एकत्र येतातच. दूध पिण्यापूर्वीं अर्धा तास तिच्यासाठीं द्यावा. सुटीच्या प्रत्येक सायंकाळीं दोन प्रौढ माणसांनीं पाळीपाळीनें अंगणांत बसावें. भोंडल्याहून परतणाऱ्या मुलींस शेवटच्या घरापर्यंत कोणी पोंचवावें, हें आधींच ठरवावें. फटाके एकाच मोकळ्या जागीं, पाण्याच्या बादलीजवळ व मोठ्यांच्या देखत उडवावेत. त्यासाठीं रात्रीं ८ ते १० ही वेळ सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं घालून दिलेलीच आहे. आणि प्रत्येक मुलाला आईबापांव्यतिरिक्त आळींतील अशीं तीन माणसें ठाऊक असावींत, ज्यांचें दार तें कोणत्याही वेळीं ठोठावूं शकेल. हीं माणसें मुलांनीं निवडावींत, आपण नव्हे. कोणाचें नांव तें घेतें आणि कोणाचें टाळतें, यावरूनही पुष्कळ कळतें.

'कोण जागें आहे?' हा प्रश्न कोजागिरीच्या नांवांतच आहे. लक्ष्मी तो विचारीत दारोदार फिरते, असें आपण मुलांस सांगतों. या वर्षीं तो प्रश्न आळींतील लहान मुलांच्या वतीनें आपला आपणच विचारावा, आणि प्रत्येक घरांतून निदान एका माणसानें तरी 'मी' म्हणून उत्तर द्यावें, एवढीच विनंती.