मासवडीत मासा नसतो, पण ते सगळ्यांना माहीत असतं!

आमच्या गावाचं नावच लोणी. आंबेगाव तालुक्याचा पूर्वेकडचा, कमी पावसाचा पट्टा. पश्चिमेला भीमाशंकरला धो धो कोसळणारा पाऊस आमच्याकडं येईपर्यंत दमून जातो. त्यामुळं इकडं घर चालतं ते गोठ्यावर. दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार म्हणजे किराणा, पोरांची फी आणि सोसायटीचा हप्ता. आणि याच गावांतल्या लग्नाच्या पंगतीत हल्ली जे पनीर वाढतात, त्यातल्या कितीचा दुधाशी संबंध असतो, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लोण्याच्या गावात पामतेलाचं पनीर! यावर आज जरा सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

आधी हिशोब. एक किलो पनीरला गाईचं दूध साधारण सहा ते सात लिटर लागतं. म्हशीचं पाचेक लिटर. गाईच्या दुधाला ३० रुपये धरले तरी नुसतं दूधच १८० ते २१० रुपयांचं झालं. वर गॅस, मजुरी, बर्फ, गाडीभाडं, दुकानदाराचा नफा. मग कुणी पावणेदोनशे रुपये किलोनं पनीर घरपोच देतो म्हणत असेल, तर तो काय धर्मादाय करतोय का? हे गणित चौथीतलं पोरगंसुद्धा सोडवील. आपण मात्र सोडवत नाही, कारण ताट स्वस्तात पडतंय ना!

त्या वस्तूचं नाव 'अ‍ॅनालॉग पनीर'. दुधातलं फॅट काढून त्याजागी वनस्पती तेल, बहुतेक वेळा पामतेल. सोबत दूध पावडर, कधी स्टार्च, आणि सगळं एकजीव राहावं म्हणून आणखी काही. एक गोष्ट स्पष्ट करतो. हे बनवणं आणि विकणं बेकायदा नाही. ते विष आहे असंही मी म्हणत नाही. पण त्याला 'पनीर' म्हणून विकणं हे कायद्यात बसत नाही. दुधाच्या पदार्थाचं नाव दुधाच्याच पदार्थाला द्यायचं, हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. पाकिटावर तसं छापावंही लागतं. पण ताटात पाकीट येत नाही ना राव! सुट्टा माल हॉटेलच्या मागच्या दारानं आत जातो आणि पुढच्या दारानं 'पनीर मसाला' होऊन बाहेर येतो.

यावर एका मित्रानं मला पेचात पकडायला विचारलं, "मग मासवडीत मासा कुठं असतो?" प्रश्न भारी आहे. मासवडी ही जुन्नर-आंबेगावची शान. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, माशासारखा आकार आणि सोबत झणझणीत रस्सा. पण त्यात मासा नाही हे खाणाऱ्याला, वाढणाऱ्याला, अगदी माळकऱ्यालाही माहीत असतं. सुरमईच्या भावात मासवडी कुणी विकत नाही. फसवणूक नावात नसते, लपवण्यात असते.

आता गोठ्याकडं या. शेतकरी पहाटे उठून धार काढतो, डेअरीवर जातो. तिथं मशीन फॅट सांगतं, एसएनएफ सांगतं. ३.५ आणि ८.५ भरलं नाही की पॉइंटला भाव कापला. दिवसातून दोनदा परीक्षा, वर्षातले ३६५ दिवस. पाणी घातल्याचा नुसता संशय आला तरी कॅन परत. असू दे, दूध तपासलंच पाहिजे. पण मग पनीर कुठल्या मशीनवर तपासलं जातं? कच्च्या मालाची रोज झडती आणि पक्क्या मालाला मोकळं रान, हा कुठला न्याय?

भावाची कथा आठवा. जुलै २०२३ मध्ये सरकारनं गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये ठरवले. वर्ष संपायच्या आत भाव इतका पडला की लिटरला ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. पुढं ऑक्टोबर २०२४ पासून संघांनी २८ द्यायचे आणि सरकारनं ७, असं ठरलं होतं. कारण काय सांगितलं जातं? दूध जास्त झालं, पावडरला उठाव नाही. दूध जास्त झालंय, तर लग्नाच्या ताटातलं फॅट इंडोनेशिया-मलेशियाच्या तेलाचं का? एकीकडं शेतकऱ्याला तिजोरीतून अनुदान द्यायची वेळ आली होती आणि दुसरीकडं त्याचंच गिऱ्हाईक खोट्या नावानं पळवायचं. पाठीला मलम आणि पोटावर पाय!

मार्च २०२५ च्या अधिवेशनात श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीरचा मुद्दा सभागृहात मांडला. चार दिवस टीव्हीवर चर्चा झाली. मग आयोडीनचा थेंब टाकायचे व्हिडिओ आले आणि सगळे घरोघरी शास्त्रज्ञ झाले. मंडळी, आयोडीन निळं पडतं ते फक्त स्टार्चवर. पामतेलाचा पण स्टार्च नसलेला तुकडा त्या परीक्षेत आरामात पास होतो. खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते, आणि ती करणं हे सरकारचं काम आहे, आपल्या औषधाच्या डब्याचं नाही.

करायचं ठरवलं तर होतं, हेही दिसलंय. नगरच्या एका मॅकडोनाल्डवर एफडीएनं 'चीज' या शब्दावरून कारवाई केली. आम्ही खरंच चीज वापरतो असं कंपनीनं सांगितलं, तरी पदार्थांची नावं बदलली. एवढी मोठी कंपनी नाव बदलते, तर हायवेवरच्या ढाब्याला मेनूकार्डावर एक शब्द वाढवायला काय अडचण आहे?

माझा राग आचाऱ्यावर नाही. आपण ताटाचा भाव पाडून मागतो आणि मेनूत पनीरही हवंच म्हणतो. तो बिचारा काय करणार? म्हणून मागणी साधी आहे. अ‍ॅनालॉग वापरा, पण तसं लिहा. सुट्ट्या मालाचं बिल ठेवा. एफडीएनं लग्नसराईत मंगल कार्यालयांतून नमुने घ्यावेत आणि निकाल लोकांना सांगावेत.

आणि तुमच्या घरी कार्य असेल तर आचाऱ्याला एवढंच विचारा, "पनीर कुठलं? बिल दाखव." नाही दाखवलं तर पनीर काढून टाका, मासवडी ठेवा. पाहुणे नाराज होणार नाहीत, याची गॅरंटी माझी.