पंचवीस मिनिटांचे सव्वादोन तास

आमच्या शेजारच्या नानांना आकडेमोडीचा भारी नाद. दिवाळीनंतर ते आणि नानी लंडनला मुलाकडे निघाले आहेत. परवा सकाळी ते परतीच्या प्रवासाचा कागद घेऊन आले, ते विजयी मुद्रेनेच.

"हे पाहा," ते म्हणाले, "लंडनच्या हीथ्रोपासून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळापर्यंत हवाई अंतर अवघे ३५० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ८५०. म्हणजे पंचवीस मिनिटांचे काम! दहाला लंडन सोडायचे आणि दीडला पॅरिसहून मुंबईचे विमान धरायचे. तिकिटे वेगवेगळी काढली की पैसेही वाचतात. तीन तास हातात!"

"पण नाना, कागदावर पॅरिसला पोहोचण्याची वेळ काय आहे?"

नानांनी चष्मा चढवला. "सव्वाबारा. छापणाराची चूक असणार. कारण उलट येणारे विमान पॅरिसहून दहाला निघते आणि सव्वादहाला लंडनला पोहोचते!"

चूक छापणाराची नव्हती, वाचणाराची होती. फ्रान्सची घड्याळे बारा महिने इंग्लंडच्या एक तास पुढे असतात आणि तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. म्हणून जाताना सव्वादोन तास दिसतात, येताना पंधरा मिनिटे. प्रवास दोन्हीकडून सव्वा तासाचाच.

मग पंचवीस मिनिटांचा सव्वा तास का व्हावा? ताशी ८५० हा वेग पुष्कळ उंचीवरचा. एवढ्याशा पल्ल्यात विमान वर चढते न चढते तोच उतरणीला लागते, आणि दहा हजार फुटांखाली सहसा ताशी ४६० किलोमीटरच्या पुढे जात नाही. आकाशातली वाटही दोरी ताणल्यासारखी सरळ नसते. शिवाय विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ वेळापत्रकात धरतात. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच; तेथे रांगेत तिष्ठणे आलेच.

गंमत अशी की, २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन-पॅरिस दैनिक विमानसेवा सुरू झाली, तेव्हा ते लहानसे विमान सुमारे अडीच तासांत पोहोचले होते. आज समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी साधारण तेवढ्याच वेळात थेट पॅरिस शहरात उतरवते. विमानतळ मात्र दोन्हीकडे शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब.

"म्हणजे हातात सव्वा तासच," नाना हळूच म्हणाले.

"तोही नाही. तिकिटे वेगळी, म्हणजे सामान उतरवून घेऊन पुन्हा द्यायचे. त्यासाठी फ्रान्समध्ये शिरावे लागणार, आणि इंग्लंडचा व्हिसा तेथे चालत नाही. शेंगेन व्हिसा निराळा. लांब पल्ल्याच्या विमानाचे सामान घेणे साधारण तासभर आधी बंद होते. तेव्हा तुमच्या हातात राहिली पंधरा मिनिटे."

नानांचा चेहरा उतरला. परक्या मुलखात, गुडघेदुखीच्या नानींना घेऊन, विमान चुकलेल्या अवस्थेत बाकावर बसलेले स्वतःचे चित्र त्यांना दिसले असावे.

संध्याकाळी नानी फराळाचे ताट घेऊन आल्या. "एकच तिकीट काढायला सांगितलंय मुलाला," त्या म्हणाल्या. "सामान थेट मुंबईत मिळेल. चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत. यांची पंचवीस मिनिटं मी चाळीस वर्षं ओळखते. भाजी आणायलासुद्धा पुरत नाहीत!"