समुद्र दारात, पर्यटक रांगेत! अलिबागचं घोडं नेमकं अडतंय कुठं?

'अलिबागसे आया है क्या?' या टोमण्यावर बंदी घाला, अशी याचिका थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. 2019 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. मी मूळचा किन्हीराजाचा, आता अलिबागकर. माझी तक्रार वेगळी आहे. अलिबागहून आलेल्याला खुशाल हसा, पण अलिबागला येणाऱ्याचं काय?

5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि वाशिमकडच्या पाहुण्यांचे फोन वाढले. त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं :

गाडीने किती वेळ लागेल?

समृद्धी 701 किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो. पुढे मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून सुरू आहे. वडखळला वळलात की अलिबागचा अरुंद रस्ता. शनिवारी सकाळी समृद्धीवर पळणारी गाडी इथे रांगते.

मग रेल्वेने येऊ?

पेणपर्यंत या. तिथून थळच्या आरसीएफ कारखान्यापर्यंत रूळ आहेत, पण मालगाडीसाठी. थोडक्यात, खताला रेल्वे आहे, माणसाला नाही.

बोट आहे ना?

आहे, आणि छान आहे. गेटवेहून मांडव्याला साधारण तासाभरात पोहोचता. पण पावसाळ्यात ही सेवा बंद असते. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून सुरू झालेली रो-रो गाडीसकट आणते.

कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं?

ओहोटीला येतं. घोळ इथेच होतो. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला 4 गुणिले पाऊण म्हणजे 3, म्हणून 3 च्या सुमारास भरती आणि 9 च्या सुमारास ओहोटी. हा अंदाज झाला, निघण्याआधी किनाऱ्यावर विचाराच. अष्टमीच्या आसपास पाणी फारसं ओसरतही नाही. सेल्फीच्या नादात परतीची वेळ चुकली, तर पाणी वाट पाहत नाही.

मग कमी काय आहे?

पैसा आणि पर्यटक दोन्ही येतात. कमी आहेत त्या साध्या गोष्टी : लांबूनही वाचता येईल असा भरती-ओहोटीचा रोजचा फलक, स्वच्छ शौचालयं, कपडे बदलायला जागा, पुरेसे जीवरक्षक, गाड्यांसाठी वाहनतळ. हे अशक्य नाही. शेजारच्या नागावला 2025 मध्ये 'ब्लू फ्लॅग' मिळाला. त्यासाठी पाण्याची शुद्धता, सुरक्षा, स्वच्छता असे 33 निकष पाहिले जातात. जे नागावला जमलं, ते जिल्ह्याच्या मुख्यालयाला का जमू नये?

याचा फटका कुणाला?

सकाळी येऊन संध्याकाळी निघणारा पाहुणा मागे प्लास्टिक आणि कोंडी ठेवून जातो. मुक्काम करणारा खानावळ, घरगुती खोल्या, रिक्षा आणि मासळीवालीला चार पैसे देतो. त्याला थांबवायला नवा प्रकल्प लागत नाही, आधी नळाला पाणी लागतं.

गावाकडचे विचारतात, "यायचं का मग?" मी म्हणतो, या. पण शनिवार टाळा, तिथी बघा आणि पाण्याची बाटली परत न्या.