परक्या शहरांतील शेजार

आपल्या संत तुकाराम नगराजवळच वल्लभनगरचें एस. टी. स्थानक आहे. तेथें पहाटेच्या वेळीं घटकाभर उभें राहिलें म्हणजे एक देखावा नेहमीं दृष्टीस पडतो. कोणी कोंकणांतून, कोणी मराठवाड्यांतून आलेले तरुण खांद्यास पिशवी अडकवून उतरतात आणि भोसरीची किंवा चाकणची वाट विचारूं लागतात. हल्लीं आपल्याच वस्तींतील कांहीं मुलें याहून लांबची वाट विचारीत आहेत. महाराष्ट्र सरकारनें फेब्रुवारी २०२४ मध्यें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशीं कुशल कामगार पाठविण्याविषयीं करार केला. तेव्हांपासून 'मुलाला जर्मन कोठें शिकवावें?' हा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची भगिनीनगरी आहे, आणि चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीझचें तर तें माहेरच. तेव्हां ही वाट पुष्कळांस ओळखीची वाटावी यांत नवल नाहीं.

परंतु परक्या शहरांत नोकरी मिळणें निराळें आणि तेथें रुजणें निराळें. नोकरीनें पोट भरतें. शहर आपलेंसें होतें तें शेजाऱ्यामुळें. आणि चांगला शेजारी होण्याची विद्या विमानांतून उतरल्यावर शिकावयाची नसते. ती येथूनच शिकून जावी लागते, असें माझें नम्र मत आहे.

आमचा एक माजी विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं स्टुटगार्ट येथें कामास लागला. भाषेची परीक्षा तो चांगल्या गुणांनीं उतरला होता; यंत्रावर त्याचा हात बसलेला होता. तेथें बिऱ्हाड केल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत सरकारी कचेरींत नांव नोंदवावें लागतें, तेंही त्यानें वेळेवर केलें. तरी पहिल्याच हिवाळ्यांत परत यावें असें त्याच्या मनानें घेतलें. डिसेंबरांत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळे. रविवारीं दुकानें बंद. आणि कारखान्याबाहेर नांव घेऊन हाक मारणारें कोणी नाहीं. एके दिवशीं त्याच्या दारास एक पाटी लटकलेली आढळली. कसली तरी जाहिरात असेल म्हणून त्यानें ती काढून आंत ठेविली.

त्या प्रांतीं अशी जुनी रीत आहे कीं, एका इमारतींतील बिऱ्हाडांनीं पाळीपाळीनें एकेक आठवडा जिना झाडावा, पुसावा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी येते. या रीतीस 'केरवोखे' म्हणतात. 'वोखे' म्हणजे आठवडा. 'केर' या भागाचा अर्थ मात्र मराठी माणसास सांगावयास नको, इतका तो योगायोगानें आपल्या शब्दाशीं जुळतो! आठवडा सरला तेव्हां समोरच्या बिऱ्हाडांतील एक वृद्ध स्त्री त्याच्या दारीं आली व तिनें त्यास त्या पाटीचा अर्थ समजावून सांगितला.

"बाई, आमच्या घरीं केर आई आणि ताई काढीत. झाडू घेऊन जिन्यांत उभें राहण्याची मला लाज वाटली," असें त्यानें मला पुढें सांगितलें. पण त्यानें झाडू घेतला. ती स्त्री शेजारीं उभी राहून राहिलेले कोपरे दाखवीत होती. वर्गांत शिकलेली जर्मन तो त्या दिवशीं प्रथम कारखान्याबाहेर बोलला. पुढें कचेरीचीं पत्रें तो तिच्याकडून समजावून घेऊं लागला, आणि परत येण्याची गोष्ट मागें पडली.

हें वाचून मला आनंदीबाई जोशी यांचें स्मरण होतें. इ. स. १८८३ मध्यें अठरा वर्षांची ही मुलगी एकटी अमेरिकेस गेली. रोझेल गांवीं मिसेस कार्पेंटर यांनीं तिला आपल्या घरांत घेतलें, आणि आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या. पुढें फिलाडेल्फियास वैद्यकाच्या अभ्यासासाठीं राहतांना खोलींतील शेगडीचा धूर तरी सोसावा नाहींतर थंडी तरी, असे दिवस त्यांच्या वांट्यास आले. मूळची नाजूक प्रकृति ढासळत गेली. १८८६ मध्यें त्यांस पदवी मिळाली व १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. देश तोच, पण एके ठिकाणीं उघडें दार होतें, दुसऱ्या ठिकाणीं एकटी खोली. परक्यास या दोहोंतील अंतर किती मोठें असतें!

कोणी म्हणतील, परदेशीं आपलीं मंडळें आहेत, मग परक्यांची गरज काय? लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालत आलें आहे, आणि सणावारीं आपली भाषा कानीं पडणें हें मोठेंच सुख आहे. परंतु मंडळ महिन्यांतून एखादे वेळीं भेटतें. जिना रोज भेटतो.

आतां आपल्या जिन्याकडे वळूं. पिंपरी हें शहरच परक्यांनीं वसविलें आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबें येथील कॅम्पांत आलीं. १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. मागोमाग मोटारींचे कारखाने आले आणि गांवोगांवचे लोक आले. माझे वडील श्रीरामपुराकडून येथें आले, त्या दिवशीं नळ गेलेला होता. शेजारच्या काकूंनीं न विचारतां पाण्याची कळशी दारांत आणून ठेविली. ती कळशी आमच्या घरांत अजून बोलली जाते. आज ओडिशा, बिहार येथील मुलें आपल्या शेजारीं खोल्या घेऊन राहतात. त्यांस आपण कितीदां पाणी विचारतों?

म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलास जर्मनच्या वर्गास अवश्य घाला. पण त्याच्या आधीं त्याच्या हातीं झाडू द्या, आणि जिन्यांत भेटणाऱ्याशीं दोन शब्द बोलण्याची त्यास सवय लावा. जो येथें शेजारी झाला नाहीं, तो तेथें केवळ भाडेकरी होईल.

हें लिहितांना माझीच मला लाज वाटते. आमच्या खालच्या मजल्यावर ओडिशाचे सहा तरुण वर्षभर राहत आहेत, आणि त्यांपैकीं एकाचेंही नांव मला ठाऊक नाहीं. हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वीं मी तें दार ठोठावणार आहें.