किल्ली कुणाच्या हाती?

हल्ली घरोघरी मुलं मोबाईलवर गाड्यांच्या शर्यती खेळतात. गाडी आपटली की डाव पुन्हा सुरू! वेगाचं हे वेड मुळात वाईट नाही. ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. पण तिथे चालकाच्या डोक्यावर हेल्मेट, मदतीला डॉक्टर आणि समोरून कुणी येत नाही. आपल्या आमगाव-तिरोड्याच्या रस्त्यावर मात्र धानाचा ट्रॅक्टर येतो, शाळेतली सायकलवाली पोरगीही येते.

१९ मे २०२४ ला पुण्यात पोर्शे कारच्या धडकेत एक तरुण आणि एक तरुणी, दोघेही अभियंते, जीवानिशी गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून त्याला जामीन मिळाला, तेव्हा आपण सगळ्याच संतापलो. योग्यच होतं ते. पण आपल्या घरी पोर्शे नसली तरी स्कूटी आहे ना? "जा बाळा, चक्कीवरून दळण आण," म्हणत किल्ली कोण देतं? बरेचदा आपणच!

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा कडक झालाय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. स्कूटी तुमच्या नावावर असेल, तर मालक तुम्हीच!

हौस मोबाईलवर भागू द्या. अठरा पूर्ण झाले की रीतसर शिकू द्या. तोवर दळण पायी येईल. जरा उशीर होईल, एवढंच.