नाच कोणाच्या हुकमावर?

विश्रांतवाडी, फुलेनगर, नागपूर चाळ, धानोरी या पट्ट्यात नाचणाऱ्या पोरापोरींची कमतरता नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला, मोबाइलवरच्या रील्समध्ये, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ती दिसतात. तिकीट काढून बघायच्या नृत्याच्या कार्यक्रमात मात्र दिसत नाहीत. 'कन्टेम्पररी' म्हटलं की आपल्याला महागडे क्लास आणि इंग्रजी बोलणारा प्रेक्षक आठवतो. ते आपलं नाही, असं आपणच ठरवून टाकलं आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. वस्तीतल्या दोन नृत्यपथकांनी मिळून एका संध्याकाळी, एकाच रंगमंचावर समकालीन नृत्याचा कार्यक्रम करावा आणि आंबेडकरी चळवळीने तो आपला मानावा. यावर पहिला आक्षेप आपल्याच घरातून येईल. त्या आक्षेपामागे इतिहास आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

महाराष्ट्रात तमाशा प्रामुख्याने महार, मांग आणि कोल्हाटी समाजांच्या जिवावर उभा राहिला. नाचणारी बाई आमच्या जातींची, शिट्टी मारणारा आणि पैसे फेकणारा गावचा. पवळा हिवरगावकर महार समाजातली, तर जिच्या जोडीने फड गाजला ते पठ्ठे बापूराव म्हणजे जन्माने ब्राह्मण असलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. बापूराव तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देणगी द्यायला आले आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, अशी हकीकत चळवळीत सांगितली जाते. बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको, हे त्या नकाराचं कारण. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. जलशाने तमाशाचा साचा वापरला, पण शृंगारिक लावणी आणि नाचणारी बाई वगळली. त्या काळात ते योग्यच होतं. बाईची माणुसकी परत मिळवायची तर आधी ती बाजारातून बाहेर काढणं भाग होतं.

पण त्याची किंमतही आपण मोजली. गाणं चळवळीत राहिलं, नाच बाहेर गेला. आज वस्तीतली मुलगी नाचायला लागली की घरातून पहिला प्रश्न येतो, "तमाशात जायचंय का?" मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. वस्तीत काम करताना आम्ही तो अनेक घरांत ऐकला आहे. विचारणाऱ्या आईचा राग येत नाही, कारण त्या प्रश्नात आजीपणजीचा अपमान बोलत असतो. तरीही भोगावं लागतं त्या मुलीलाच. जातीने लादलेली लाज आपण आपल्याच लेकींच्या अंगावर पुन्हा घालतो.

बाबासाहेबांचा नकार आम्ही असा वाचतो: प्रश्न अंगविक्षेपांचा नव्हता, हुकमाचा होता. नाच कोण ठरवतं, पैसा कोणाच्या हातात जातो, बघणारा कोणत्या नजरेने बघतो? ही तीन उत्तरं बदलली की नाचाचा अर्थ बदलतो. आणि आपण सोडलेली कला रिकामी पडून राहत नाही. देवदासी समाजाच्या सादिरला भरतनाट्यम म्हणून प्रतिष्ठा मिळाली, मद्रासला १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र स्थापन केलं. पण ज्या घरांनी तो नाच पिढ्यानपिढ्या जपला, त्या घरांच्या वाट्याला त्या प्रतिष्ठेतलं फार थोडं आलं.

दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. त्याच काळ्या समाजातल्या ॲल्विन एलीचं नावही आपल्या मुलांना माहीत हवं. टेक्सासमध्ये १९३१ साली जन्मलेला, कापूस वेचणाऱ्या आईचा हा मुलगा. ३० मार्च १९५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या कंपनीचा पहिला प्रयोग झाला. ती संध्याकाळ एकट्या एलीची नव्हती. अर्नेस्ट पॅरहॅम या दुसऱ्या नर्तकासोबत ती वाटून घेतलेली होती. दोन वर्षांनी त्याने 'रेव्हलेशन्स' बसवलं, काळ्यांच्या चर्चमधल्या गाण्यांवर. त्यात दुःख आहे आणि उत्सवही आहे. आपल्या मुलांवरही फक्त अत्याचाराचंच नृत्य करायची सक्ती नको. जयंतीचा आनंद हाही आपला विषय आहे.

एक मंच वाटून घेणं आपल्याला नवीन नाही. संगीत बारीच्या थिएटरांत, पुण्याच्या आर्यभूषणमध्येसुद्धा, एकाच ठिकाणी अनेक पार्ट्या आळीपाळीने नाचत आल्या आहेत. फक्त तिथे थिएटर मालकाचं असतं. आपल्या कार्यक्रमात मालक नको, म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. भाडं, ध्वनी आणि प्रकाशाचा खर्च दोन्ही पथकांनी निम्मा-निम्मा उचलावा. आधी कोण आणि शेवटी कोण, ते चिठ्ठी टाकून ठरवावं, म्हणजे 'मोठं पथक' हा वाद उरत नाही. उरलेला पैसा नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि पडदा ओढणाऱ्या सगळ्यांत माणशी सारखा वाटावा. शेवटची दहा मिनिटं दोन्ही पथकांनी एकत्र नाचावं. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो नकोत, मुलींची पूर्ण नावं हवीत. हार, शाल, सत्कार यांत आपले कार्यक्रम तास-तासभर अडकतात, तेही नको. पहिल्या रांगेत नाचणाऱ्या मुलींच्या आया बसल्या पाहिजेत.

दोन पथकं एकत्र येणं ही साधी गोष्ट वाटेल. पण एका चौकात दोन मंडळं, दोन मिरवणुका आणि दोन डीजे असलेल्या आपल्या भागात ती साधी नाही. गटबाजीवर आपण भाषणं खूप केली. एकमेकांचं वजन अंगावर पेलायला शिकवणारा हा नाच ते काम कदाचित भाषणापेक्षा चांगलं करेल. समकालीन नृत्यात एकजण स्वतःला झोकून देतो आणि दुसऱ्याने त्याला सावरायचं असतं. नेमका हाच विश्वास आपल्यात कमी पडतो आहे.

जलशाने बाईला बाजारातून बाहेर काढलं. आता तिला स्वतःच्या हुकमाने मंचावर येऊ देणं हे आपल्या पिढीचं काम आहे.

जय भीम!