कामामागचे मन

माणसाच्या जागेपणीच्या आयुष्याचा फार मोठा भाग कामात जातो. तरीही काम करणाऱ्याला काय वाटते, हा प्रश्न दीर्घकाळ कोणी गंभीरपणे विचारला नव्हता. यंत्रयुगाने कामगाराला केवळ ‘हात’ म्हणून मोजले. त्या हातांमागे एक मनही असते, याची शास्त्रीय दखल विसाव्या शतकाच्या आरंभी घेतली जाऊ लागली आणि औद्योगिक मानसशास्त्र ही ज्ञानशाखा उदयास आली.

भारतात या शाखेचे बीज लवकर पडले. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्ड विद्यापीठात ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकले होते आणि म्युन्स्टरबर्ग हे औद्योगिक मानसशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. परंतु हे बीज खऱ्या अर्थाने रुजले ते स्वातंत्र्यानंतर, अहमदाबादच्या कापडगिरण्यांत. तेथे १९४७ साली स्थापन झालेल्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत यंत्रांबरोबर माणसांचाही अभ्यास होऊ लागला. कमला चौधरी यांनी या कामाचा पाया घातला.

याच शहरातील कॅलिको मिलमध्ये १९५३ साली एक उद्बोधक प्रयोग झाला. तेथे नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी पाहणी केली, तेव्हा दोष यंत्रांत नसून कामाच्या रचनेत असल्याचे दिसून आले. विणकर, कांड्या पुरवणारा, धागे जोडणारा, तेल घालणारा, झाडणारा, जॉबर अशी कामाची बारा तुकड्यांत वाटणी झाली होती. प्रत्येक जण आपल्या तुकड्यापुरता होता, अखंड कापड कोणाचेच नव्हते. राइस यांनी लहान लहान गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी सोपवण्याची कल्पना मांडली. कामगारांनी ती उत्साहाने उचलली आणि आपले गट आपणच जमवले. घडी बसल्यानंतर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांपर्यंत गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माणसे तीच होती, माग तेच होते. बदलला होता तो माणसांवरचा विश्वास.

मात्र १९७० साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा एका विभागात ही पद्धत टिकून होती, तर इतरत्र ती बऱ्याच अंशी विरून गेली होती. विश्वास एकदा दाखवून भागत नाही. तो जपावा लागतो, हेच यातून दिसते.

पुढील काळात या शास्त्राचा विस्तार झाला. १९६१ साली अहमदाबाद व कलकत्ता येथे व्यवस्थापन संस्था निघाल्या. १९७५ च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या प्रयत्नांतून ‘मनुष्यबळ विकास’ ही संकल्पना उद्योगांत आली. पाटण्याचे जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० साली, भारतीय कर्मचाऱ्याला माया लावणारा पण कामाबाबत काटेकोर असणारा नेता हवा असतो, असा विचार मांडला. परदेशी सिद्धान्त येथील मातीत तपासून पाहण्याचा तो मोलाचा यत्न होता.

हा विस्तार अभिमानास्पद असला, तरी एकांगी आहे. हे शास्त्र गिरणीतून निघाले आणि हळूहळू कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसले. आज त्याचा लाभ प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांना होतो. देशातील दहापैकी सुमारे नऊ श्रमिक मात्र असंघटित स्वरूपाच्या रोजगारात आहेत. वीटभट्टीवरील मजूर, घरकाम करणारी स्त्री, बांधकामावरील गवंडी, दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवणारा तरुण यांच्या शिणाचा, अपमानाचा किंवा कामातील आनंदाचा अभ्यास फार थोडा होतो.

यावर कोणी म्हणेल, ज्याला भाकरीची भ्रांत त्याला मानसशास्त्र कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. रास्त वेतन आणि सुरक्षितता यांची जागा गोड शब्द घेऊ शकत नाहीत. तशी ती घेऊ लागली, तर ते शास्त्र नसून फसवणूक ठरेल. परंतु पोट भरलेल्यालाच मन असते, असे मानणे हाही अन्यायच होय. घरकाम करणाऱ्या स्त्रीला पगाराइतकेच आदराने हाक मारली जाणेही हवे असते. गवंड्याला आपण बांधलेली भिंत मुलाला दाखवावीशी वाटते.

म्हणून या शास्त्राने पुन्हा श्रमाच्या जागी परतले पाहिजे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. काम कसे केल्यास सुकर होईल, हे ते करणाऱ्यालाच प्रथम विचारावे, एवढी साधी सुरुवात पुरेशी आहे. अहमदाबादच्या विणकरांनी सत्तर वर्षांपूर्वी त्याचे उत्तर आपल्या कामातून दिले आहे. प्रश्न विचारणारे मात्र अजून थोडे आहेत.